एवढीशी

कांद्याच्या खोक्यात बोका घालून, वर टॉवेल बांधून
एलिसेओ एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून आला.
वाल्पराईसोच्या या टेकडीवरून
जुलैतल्या पावसात कुणी हौसेनं उतरत नाही.

"सूड उगवतोय हा," खोकं टेबलावर ठेवत तो म्हणाला.
"बाथटबात मुततो. माझ्या बहिणीच्या कोटावर मुतला.
काल तर भांडी घासायच्या बेसिनमध्ये.
नऊ वर्षं शहाण्यासारखा राहिला, आता म्हातारपणी माजलाय."

मांजरं सूड घेत नाहीत, असं मी म्हणाले नाही.
विचारलं, दिवसातून किती वेळा जातो?
"सारखा. जातो, उकरतो, बसतो, येतो. परत जातो."
आणि होते किती?
त्यानं तर्जनीच्या पेरावर अंगठा टेकवला:
एवढीशी.
कालपासून तेवढीही नाही.
बसल्यावर ओरडतो का?
"कण्हतो. आपण कण्हतो तसा."

ते 'आपण' माझ्या कानावरून गेलं.
माझा हात तिस्नेच्या पोटाखाली होता,
आणि तिथं मूत्राशय
कच्च्या पेरूसारखं टणक.

बोक्याची नळी असते काडीहून बारीक.
त्यात खडे अडकले, अगदी रव्याएवढे,
तरी एका रात्रीत सगळं रक्त नासतं.
पेटीतली वाळू त्यानं सोडली होती
कारण आतली वाळू त्याला सोडत नव्हती.
"उद्यावर टाकलं नाहीत, बरं केलंत," एवढंच बोलले.
एलिसेओ खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर.
"चढणीच्या गाडीचा ब्रेक सांभाळला मी, एकतीस वर्षं.
दोर कुठं घासतोय ते आवाजावरून कळायचं.
आणि याला मी चपलेनं मारलं, डॉक्टर.
दोनदा."

तीन दिवस नळी, सलाईन, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा.
तो रोज चारला यायचा, पिंजऱ्यासमोर बसून
फुटबॉलचे निकाल वाचून दाखवायचा.
मी मधूनमधून घर विचारून घेतलं.
पेटी खिडकीपाशी असायची, बहीण होती तोवर.
नंतर भाचीनं नवी आणली, झाकणाची,
लॅव्हेंडरच्या वासाची वाळू भरून,
आणि ठेवली वॉशिंग मशीनला चिकटून.
मशीन फिरायला लागलं की?
"छतापर्यंत उडतो."
मग तुम्ही कसे बसला असता तिथं?
तो पहिल्यांदा हसला.

कागदावर लिहिलं: झाकण काढा. बिनवासाची वाळू.
एक पेटी पुन्हा खिडकीपाशी, दुसरी पलंगाच्या खोलीत,
रोज उपसायची, आणि उपसताना मोजायचं,
किती गोळे, केवढे.
ओलं खाणं, पाण्याची भांडी चार ठिकाणी.
चप्पल पायात.

नळी काढली त्या संध्याकाळी
तिस्ने पेटीत उतरला, उकरलं, बसला.
आम्ही दोघं श्वास धरून.
मग तो आवाज आला, लांब, सरळ,
नळाखाली बादली भरावी तसा.
एलिसेओनं टोपी डोळ्यांवर ओढली.
टोपीखालूनच विचारलं,
"ही नळी... माणसांनाही घालतात?"

कधीपासून?
"उन्हाळ्यापासून. रात्री चारदा उठतो.
तो टबात, मी शेजारी उभा.
दोघंही वाट बघत."

मी मांजरांची डॉक्टर आहे.
त्याच कागदाच्या पाठीवर
खालच्या चौकातल्या दवाखान्याचं नाव लिहिलं,
वार लिहिला, वेळ लिहिली.
त्यानं घडी घातली. एक, दोन, तीन.
लहान होत होत कागद मुठीत नाहीसा झाला.
मला वाटलं, संपलं.

ऑक्टोबरात आला, वजन करायला.
तिस्ने अर्धा किलो भरला होता.
"कोट?" मी विचारलं.
"टाकला नाही. तीनदा धुतला, पावसाळी हवेत अजून जरा येतो वास.
तो झोपतो त्याच्यावर."

दाराशी जाऊन थांबला, खोकं काखेत.
"किती वेळा जाता, किती होते," तो म्हणाला,
"अगदी तुझेच प्रश्न विचारले त्यांनी."
आणि अंगठा पेरावर ठेवून दाखवला.